महजर ते मोबाईल : साक्षीचा प्रवास

मराठी न्यायालयात वापरले जाणारे शब्द उर्दू माध्यमातून शिकलेल्या माणसाला परके वाटत नाहीत. फिर्याद, वकील, दावा, जामीन, कैद, दस्तऐवज, मुद्देमाल, तारीख हे सारे शब्द अरबी-फार्सीतून दख्खनेत आले, इथल्या मातीत रुळले आणि मराठी झाले. याच घराण्यातला, आज वापरातून गेलेला शब्द म्हणजे 'महजर'. हाजिर, हुजूर, हजर, हजेरी हे शब्द ज्या अरबी धातूपासून निघाले, त्याच धातूपासून महजर निघाला. मूळ अर्थ उपस्थितीचा. म्हणून सर्वांच्या उपस्थितीत झालेल्या निवाड्याचा कागद तो महजर.

आदिलशाही, निजामशाही आणि पुढे मराठेशाहीत वतनाचे, शिवेचे, मानपानाचे तंटे गोतसभेपुढे येत. निवाडा झाला की महजर लिहिला जाई. त्यात सभेला हजर असलेल्यांची नावे असत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपली निशाणी करीत. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या आकृत्या आणि काझी असेल तेथे काझीचा शिक्का. या कागदाचे वजन कागदात नव्हते, ते निशाणी करणाऱ्या माणसांत होते. उद्या कोणी शंका काढली, तर 'मी तेथे हजर होतो' असे सांगणारा माणूस गावात सापडत असे. साक्षीदारच मिळाला नाही तर दिव्य करण्याचीही प्रथा होती. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात भाजला की नाही यावरून खरेखोटे ठरवायचे. माणसाची साक्ष संपली की पुरावा कशाला म्हणावे, ही अडचण किती जुनी आहे हे त्यावरून दिसते.

आज तेलाची कढई गेली आणि तिच्या जागी कॅमेरा, मोबाईल, पेनड्राइव्ह आणि संगणक आले. वर्गात कोणत्याही घटनेबद्दल वाद निघाला की मुले सहज म्हणतात, "व्हिडिओ है ना, फिर क्या?" व्हिडिओ असला की प्रश्न मिटला, असा आजच्या पिढीचा समज आहे. न्यायालयांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव मात्र तसा नाही. नवे यंत्र आले की कायदा त्याला काय विचारतो, कधी उशीर करतो आणि कधी घाई करतो, हे पाहण्यासारखे आहे. या इतिहासातले बरेच महत्त्वाचे खटले आपल्या महाराष्ट्रातले आहेत.

दगडावरच्या लेखापासून बोटाच्या ठशापर्यंत

भारतीय पुरावा कायदा १८७२ साली झाला. त्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी केला होता. त्याचे मुख्य सूत्र साधे होते. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहिले असे म्हणायचे असेल तर पाहणाऱ्याने यावे, ऐकले असे म्हणायचे असेल तर ऐकणाऱ्याने यावे आणि उलटतपासणीला उभे राहावे. म्हणजे पुन्हा तीच 'हजेरी'. दस्तऐवजाची व्याख्या मात्र स्टीफन यांनी मोठी ठेवली. कोणत्याही वस्तूवर अक्षरांनी, आकड्यांनी किंवा खुणांनी व्यक्त केलेला मजकूर म्हणजे दस्तऐवज. उदाहरणांत छापील शब्द, नकाशा, धातूच्या पत्र्यावरचा किंवा दगडावरचा लेख आणि व्यंगचित्रसुद्धा होते. ही व्याख्या पुढे शंभर वर्षांनी, स्टीफन यांनी न पाहिलेल्या यंत्रासाठी उपयोगी पडणार होती.

पहिला नवा पुरावा आला तो बोटाच्या ठशांचा. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये एका कंत्राटावर सहीबरोबर हाताचा छाप घेतला, तेथून या गोष्टीची सुरुवात सांगितली जाते. पण हजारो ठशांतून नेमका एक ठसा शोधायचा कसा? हे कोडे सोडवण्यात कलकत्त्याच्या पोलीस खात्यातील दोन भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. हक हे गणिताचे विद्यार्थी. त्यांनी ठशांची विभागणी १,०२४ खणांत करण्याची पद्धत बसवली. जगभर ही पद्धत त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय सुरू झाले. जगातले हे पहिले.

त्याच सुमारास जलपायगुडीतील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. घटनास्थळी सापडलेल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा होता. तो पूर्वी शिक्षा भोगलेल्या एका नोकराच्या ठशाशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, खुनाबद्दल धरले नाही. ठसा सांगतो की हा माणूस तेथे होता. त्याने काय केले, हे ठसा सांगत नाही. इतक्या नव्या शास्त्रापुढे त्या न्यायालयाने दाखवलेला हा विवेक आजही शिकवण्याजोगा आहे.

१८९९ मध्ये पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन तज्ज्ञांच्या मताच्या कलमात 'बोटांचे ठसे' हे शब्द आले. कार्यालय सुरू झाल्यापासून अवघ्या दोन वर्षांत. कायदा नेहमीच कासवाच्या गतीने चालतो असे म्हणतात, ते पूर्ण खरे नाही. सरकारला ज्या यंत्राची गरज असते त्याच्यासाठी कायदा लवकर चालतो. सामान्य माणसाला गरज असते तेव्हा काय होते, ते पुढे दिसेल.

पुस्तकांमागचा मायक्रोफोन

टेपरेकॉर्डर आला तेव्हा कायद्यात त्याच्यासाठी एकही शब्द नव्हता. संसदेने दुरुस्ती केली नाही. हा प्रश्न न्यायाधीशांनाच सोडवावा लागला.

मुंबई महानगरपालिकेतील एका कर्मचाऱ्याला लाच देऊ केल्याचा आरोप युसुफअली इस्माइल नगरी यांच्यावर होता. पोलिसांनी सापळा रचला. बाहेरच्या खोलीत पुस्तकांमागे मायक्रोफोन लपवला आणि आतल्या खोलीत टेपरेकॉर्डर घेऊन पोलीस बसले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६७ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की, घटनेचे छायाचित्र जसे पुराव्यात घेता येते तसे त्या वेळच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रणही घेता येते. पण फीत सहज पुसता येते आणि तिच्यावर पुन्हा मुद्रण करता येते. म्हणून तिच्यात फेरफार झालेला नाही याची खात्री पटली पाहिजे. या खटल्यातली फीत मोहोरबंद केलेली नव्हती. न्यायालयाने त्याची दखल घेतली. फेरफार झाल्याची सूचना उलटतपासणीत कोणी केली नव्हती म्हणून ती फीत टिकली.

या निकालापासून यंत्राच्या साक्षीला विचारायचे प्रश्न आकार घेऊ लागले. आवाज कोणाचा? मुद्रण कोणी केले? मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात होते? त्यात काही कापले-जोडले का? बी.एड.ला इतिहास अध्यापन पद्धतीत साधनांचे बहिरंग परीक्षण आणि अंतरंग परीक्षण शिकवतात. कागद खरा आहे का, आणि खऱ्या कागदातला मजकूर खरा आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. न्यायाधीश आणि इतिहासकार येथे एकाच बाकावर बसलेले दिसतात.

दुसरा खटला टेलिफोनचा. आर. एम. मलकानी हे मुंबईचे कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. १९६४ मध्ये शस्त्रक्रियेनंतर एका रुग्णाचा मृत्यू झाला, त्याच्या चौकशीत डॉक्टरला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी दुसऱ्या डॉक्टरमार्फत पैसे मागितल्याचा आरोप होता. मध्यस्थ डॉक्टरच्या घरच्या टेलिफोनला, त्यांच्या संमतीने, लाचलुचपत प्रतिबंधक पोलिसांनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र जोडले. मलकानी यांचा बचाव असा की हे तार अधिनियमाचे उल्लंघन आहे आणि खासगी आयुष्यावर घाला आहे. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव नाकारला आणि दोषसिद्धी कायम ठेवली. फोनवर बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, हे कारण दिले. निरपराध नागरिकाच्या संभाषणाला न्यायालये संरक्षण देतील, गुन्हेगाराला ते मिळणार नाही, असेही सांगितले.

वाक्य ऐकायला बरे वाटते, पण त्यात एक गोम आहे. संभाषण ऐकण्यापूर्वी कोण निरपराध आणि कोण गुन्हेगार हे कोणी ठरवायचे? या प्रश्नाचे उत्तर यायला दीर्घ काळ गेला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन चोरून ऐकणे हा खासगीपणावरचा आघात आहे असे सांगून त्यासाठी कार्यपद्धती आखून दिली. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्याच एका प्रकरणात, ना सार्वजनिक आणीबाणी ना सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असे असताना काढलेले फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. मलकानींच्या खटल्यापासून येथपर्यंत यायला सत्तेचाळीस वर्षे लागली.

निवडणुकीचे भाषण

तिसरा खटला या अंकाच्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल. १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईच्या कुंभारवाडा मतदारसंघातून झियाउद्दीन बुखारी निवडून आले. त्यांनी प्रचारात धर्माच्या नावावर मते मागितली, प्रतिस्पर्धी शौकत छागला हे ना धड मुसलमान ना धड हिंदू असे चित्र उभे केले, असा आरोप निवडणूक याचिकेत होता. ती भाषणे पोलिसांनी ध्वनिमुद्रित केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. निकाल लिहिला न्यायमूर्ती मिर्झा हमीदुल्ला बेग यांनी, जे पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले.

बेग यांनी १८७२ च्या व्याख्येत टेप बसवली. टेप म्हणजे दस्तऐवजच, छायाचित्राहून तिचा दर्जा वेगळा नाही, असे त्यांनी ठरवले आणि तीन अटी घातल्या. आवाज ओळखला गेला पाहिजे, ती अचूक असल्याचे मुद्रण करणाऱ्याने सिद्ध केले पाहिजे आणि मजकूर प्रकरणाशी संबंधित असला पाहिजे. दगडावरच्या लेखासाठी लिहिलेले शब्द चुंबकीय फितीपर्यंत ताणता आले, कारण मूळ विचार पक्का होता.

एका अर्थाने या निकालाने वक्त्यांच्या हातातली एक जुनी पळवाट काढून घेतली. 'मी असे बोललोच नाही' हे म्हणणे यापुढे सोपे राहिले नाही. मते मागणारा कोणत्या धर्माचा आहे हे यंत्राला कळत नाही. त्याच्यापुढे मोहल्ल्यातला आणि आळीतला वक्ता सारखाच. प्रत्यक्षात सर्वच वक्त्यांच्या बाबतीत असे घडते का, हा वेगळा प्रश्न आहे. तो यंत्राचा नाही, यंत्र कोणाच्या सभेत लावायचे हे ठरवणाऱ्या माणसाचा आहे.

घाईची किंमत

येथवरचा इतिहास सावधपणाचा आहे. घाईचाही एक अध्याय आहे. २००० नंतरच्या दशकात नार्को चाचणीचे मोठे कौतुक झाले. आरोपीला इंजेक्शन द्यायचे आणि अर्धवट शुद्धीत तो जे बोलेल ते टिपायचे. दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर या चाचण्यांची चित्रे दाखवली गेली. बनावट मुद्रांक घोटाळ्याच्या निमित्ताने आलेल्या प्रकरणात २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना मुभा दिली. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतील विद्युत लहरींच्या चाचणीच्या अहवालाचा आधार घेऊन शिक्षा सुनावली. जगभर त्याची चर्चा झाली, आणि शास्त्रज्ञांनी चिंता व्यक्त केली.

२०१० मध्ये 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लगाम घातला. संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी करणे घटनाबाह्य ठरवले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, आणि औषध देऊन वदवून घेणे ही सक्तीच आहे. पण २००४ ते २०१० या सहा वर्षांत ज्यांच्या दंडात सुई गेली त्यांचे काय? उकळत्या तेलातून हात काढायला लावणारे आपले पूर्वज अज्ञानी होते असे आपण म्हणतो. पांढऱ्या कोटातल्या दिव्याकडे मात्र एका सुशिक्षित समाजाने श्रद्धेने पाहिले. यंत्रावर अंधविश्वास ठेवणे हीही अंधश्रद्धाच आहे.

पडद्यावरची हजेरी

आता पुन्हा 'हजर' या शब्दाकडे येऊ. फौजदारी खटल्यात साक्ष आरोपीच्या उपस्थितीत नोंदवली पाहिजे, असा नियम आहे. मुंबईतील एका शल्यविशारदाविरुद्ध खटला चालू होता. महत्त्वाचे साक्षीदार न्यूयॉर्कचे कर्करोगतज्ज्ञ होते आणि ते भारतात यायला तयार नव्हते. त्यांची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यायची की नाही? दंडाधिकाऱ्यांनी परवानगी दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. उपस्थिती म्हणजे त्याच खोलीत शरीराने असणे एवढाच अर्थ नाही. आरोपी साक्षीदाराला पाहू शकतो, ऐकू शकतो, त्याचा वकील उलटतपासणी करू शकतो, एवढे साधले तर कायद्याचा हेतू साधला. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शल्यविशारदांना निर्दोष ठरवले. साक्ष समुद्रापलीकडून आली म्हणजे खटला सिद्ध झाला असे नव्हे, हेही त्यातून दिसले.

२००३ चा हा निकाल २०२० च्या टाळेबंदीत फार उपयोगी पडला. देशभरची न्यायालये पडद्यावर भरली. ज्यांच्याकडे चांगला फोन आणि इंटरनेट होते ते हजर झाले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांची हजेरी कशी लागणार? उर्दू शाळांतल्या ज्या मुलांच्या घरी एकच फोन आणि तीन भावंडे होती, त्यांच्या शिक्षकांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

जालन्याचा धडा

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याच वेळी पुरावा कायद्यात कलम ६५-ब आले. संगणकातल्या नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची तर त्या यंत्राच्या कामाशी जबाबदार पदाने जोडलेल्या माणसाचे प्रमाणपत्र हवे. यंत्र कोणते, ते नीट चालत होते का, नोंद कशी तयार झाली, हे त्याने सही करून सांगायचे. म्हणजे यंत्रामागे एक माणूस उभा करायचा. महजरावर नांगराची निशाणी करणाऱ्या पाटलाचे हे नवे रूप.

कल्पना चांगली होती, पण प्रत्यक्षात काय झाले? २००५ मध्ये संसद हल्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, प्रमाणपत्र नसले तरी अन्य मार्गाने पुरावा देता येईल. २०१४ मध्ये केरळच्या एका निवडणूक खटल्यात तेच न्यायालय म्हणाले, प्रमाणपत्राशिवाय नाही. २०१८ मध्ये म्हणाले, यंत्र ज्याच्या ताब्यात नाही त्याला सूट. एका कलमाचे तीन अर्थ. खालच्या न्यायालयांत तारखा सोसणाऱ्या पक्षकारांवर त्याचा किती भार पडला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

शेवटी हा गुंता सुटला तो मराठवाड्यातल्या खटल्यात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांची तक्रार अशी की, खोतकर यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर रोजी दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाले. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण. त्याच्या सीडी मिळाल्या. पण प्रमाणपत्र? ते देण्यासाठी अधिकाऱ्यांकडे पुनःपुन्हा मागणी झाली, पण त्यांनी दिले नाही. म्हणजे कॅमेरा सरकारी, चित्रण सरकारी, सीडीही सरकारने दिलेली, आणि 'हे आमचेच आहे' एवढे लिहून द्यायला कोणी तयार नाही!

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये अधिकाऱ्याची साक्ष आणि इतर पुराव्याच्या आधारे निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने १४ जुलै २०२० रोजी तो निकाल कायम केला. प्रमाणपत्र अनिवार्यच आहे, पण ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले आणि तरी ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याने दिले नाही, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्टीची अपेक्षा धरणार नाही. न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येईल, असा मार्गही स्पष्ट झाला.

न्याय झाला खरा. पण केव्हा? ज्या विधानसभेसाठी हा वाद होता तिची मुदत संपून २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती. गोरंट्याल यांच्यामागे पक्ष होता आणि दिल्लीपर्यंत जाण्याची ताकद होती. नवऱ्याच्या धमक्यांचे संदेश फोनमध्ये जपून ठेवलेली बाई, मजुरीच्या हिशेबाचे व्हॉट्सअॅप जपणारा गवंडी, दुकानासमोरच्या कॅमेऱ्यात आपल्या मुलाचे निरपराधपण दिसते आहे हे माहीत असलेला बाप, यांनी कोणत्या कचेरीत जायचे? कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. कचेरीचे उत्तर त्याहून उशिरा येते.

नवा कायदा, जुना प्रश्न

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा कायदा संपला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. जुन्या ६५-ब ची जागा आता कलम ६३ ने घेतली आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग झाले. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलचे 'हॅश मूल्य' द्यायचे असते. हॅश म्हणजे फाईलची गणिती ओळखखूण. आत एक अक्षर बदलले तरी ती बदलते. अझीझुल हक यांनी बोटासाठी जे केले तेच येथे फाईलसाठी केले आहे, असे म्हणता येईल. सोबतच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण पोलिसांवर बंधनकारक केले. पंचनाम्यावर कोऱ्या सह्या करणाऱ्या पंचांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना या तरतुदीचे मोल कळेल.

कागदावर हे सारे चांगले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणाचाही आवाज आणि चेहरा हुबेहूब बनवता येऊ लागल्यापासून तर फाईलची ओळखखूण फारच गरजेची झाली. पण हॅश एवढेच सांगतो की प्रमाणपत्र दिल्यानंतर फाईल बदललेली नाही. ती मुळात खरी होती की बनवलेली, हे सांगायला माणूसच लागतो. आणि तालुक्याच्या गावात कलम ६३ चा तज्ज्ञ कोठे शोधायचा? त्याचे शुल्क गवंड्याने कोठून द्यायचे? सरकारी वकिलाला प्रयोगशाळा उपलब्ध असते. समोरच्या बाकावर बसलेल्याला कोण उपलब्ध असते?

म्हणून तंत्रज्ञानापुढे कायदा हतबल झाला आहे, हे आजकाल वारंवार ऐकू येणारे म्हणणे मला पटत नाही. कायद्याने प्रत्येक नव्या यंत्राला योग्य तेच जुने प्रश्न विचारले आहेत. तू कोणाचा, कोणाच्या हाती होतास, तुझ्यात बदल झाला का, आणि तुझ्या वतीने उत्तर द्यायला कोण हजर आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे यंत्रशास्त्र देत जाईल. चौथ्याचे उत्तर शास्त्र देऊ शकत नाही. जालन्यात अडले ते तेथेच.

तेव्हा मागणी करायची ती या चौथ्या प्रश्नाच्या उत्तराची. सरकारी कॅमेऱ्याचे चित्रण मागणाऱ्या नागरिकाला ठरावीक दिवसांत प्रत आणि प्रमाणपत्र मिळाले पाहिजे, आणि न देणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी कारण द्यावे लागले पाहिजे. अर्ज आल्याबरोबर ते चित्रण पुसले जाणार नाही याची हमी हवी. मोफत विधी सेवा जशी तालुक्यापर्यंत पोहोचली, तसा कलम ६३ चा तज्ज्ञही तिच्या यादीवर हवा. यासाठी नवे यंत्र शोधावे लागत नाही की मोठा खर्च येत नाही. महजरावर निशाणी करणाऱ्या निरक्षर बलुतेदाराने जी जबाबदारी घेतली होती, ती पगारी आणि सुशिक्षित अधिकाऱ्याने घ्यावी, एवढीच अपेक्षा आहे.